लाकूड कातायचा लेथ घरी आला, आता पैसे कशावर खर्च करायचे?

लेथ विकत घेताना आपण भरपूर चौकशी करतो. मोटर किती अश्वशक्तीची, बेड बिडाचा आहे का, वेग कमी-जास्त करता येतो का. मशीन घरी आलं की चौकशी थांबते आणि खरेदी सुरू होते. ऑनलाइन दिसेल तो चक (लाकूड धरणारी जबड्यांची पकड), सूट असेल तो हत्यारांचा संच. लेथला जेवढे पैसे पडले तेवढेच भोवतीच्या सामानाला पडतात आणि त्यातलं बरंचसं डब्यात पडून राहतं.

नव्याने लाकूड कातायला लागलेल्या पुण्यातल्या मंडळींना मी नेहमी जे सांगतो, ते इथे एकत्र लिहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसा आधी धारेवर घाला, मग पकडीवर. हत्यारांची संख्या वाढवणं त्यानंतर. फेस शील्ड आणि मास्क या क्रमात येत नाहीत, ते लेथबरोबरच घरात आले पाहिजेत. भाव सारखे बदलतात, म्हणून किमती दिलेल्या नाहीत.

१. खरेदीआधी मशीनची मापं लिहून काढा

एक कागद घ्या, त्यावर पुढची मापं लिहा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात उभं राहिल्यावर यातलं काहीही आठवत नाही.

- स्पिंडलचा (चक बसतो त्या फिरत्या दांड्याचा) बाहेरचा व्यास आणि आट्यांचं माप
- हेडस्टॉक (स्पिंडलचं टोक) आणि टेलस्टॉक (समोरचं सरकतं टोक) यांच्यातला मोर्स टेपर, म्हणजे आत निमुळतं होत जाणारं प्रमाण मापाचं भोक
- बेडवर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरेल
- टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) दांडीचा व्यास
- ग्राइंडर असेल तर त्याच्या शाफ्टचा व्यास आणि नेमप्लेटवरचे आरपीएम (मिनिटाला फेरे)

यासाठी एक व्हर्नियर लागेल. लहान लेथवर बहुतेकदा ३/४ इंच १६ आटे (म्हणजे इंचाला १६) किंवा १ इंच ८ आटे असतात. मोठ्यांवर १¼ इंच ८ आटे किंवा एम ३३ × ३.५ (व्यास ३३ मिमी, दोन आट्यांत ३.५ मिमी). शेवटच्या दोघांत गल्लत होते, कारण व्यासात जेमतेम सव्वा मिलिमीटरचा फरक आहे. आट्यांची पाच अंतरं मोजा. १७.५ मिमी भरली तर एम ३३ × ३.५, १५.९ च्या आसपास भरली तर इंचाला ८ आटे. चुकीचा चक दोन फेऱ्या बसतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की स्पिंडलचे आटे कायमचे खराब होतात.

मोर्स टेपरचं तोंड साधारण १७.८ मिमी असेल तर एमटी २, १२ च्या आसपास असेल तर एमटी १. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या लेथवर कधी कधी भलतेच आटे असतात. मग अडॅप्टर करून घ्यावा लागतो. जॉबवर्क करणारा कोणीही चांगला टर्नर तो करून देईल. मात्र अडॅप्टरमुळे चक बेअरिंगपासून लांब जातो आणि थरथर वाढते, म्हणून तो जितका आखूड होईल तितका करा.

२. धार: ग्राइंडर, चाक आणि जिग

लेथवरचं हत्यार फार लवकर बोथट होतं. बाभळीसारख्या टणक लाकडाचा वाडगा करताना मधेच दोनतीन वेळा ग्राइंडरकडे जावं लागतं. धार लावणं कटकटीचं असलं की माणूस ते टाळतो, बोथट हत्यार दाबून चालवतो आणि तिथेच हत्यार लाकडात घुसतं. मग लाकूडच खराब आहे, मशीनला ताकद नाही, अशा तक्रारी सुरू होतात. लेथच्या शेजारी, दोन पावलांवर, कायम जोडलेला ग्राइंडर असेल तर यातल्या बऱ्याच तक्रारी आपोआप जातात.

ग्राइंडर शक्यतो ८ इंची घ्या. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर साधे ग्राइंडर २८०० आरपीएमच्या आसपास फिरतात, कमी वेगाचे १४०० च्या आसपास. कमी वेगाचा मिळाला तर उत्तम, कारण नवख्या हाताला सावरायला वेळ मिळतो. नाही मिळाला तर साधाही चालतो, फक्त हात हलका ठेवायचा.

सोबत येणारी करडी चाकं मात्र बदला. ती लोखंड घासायला ठीक आहेत, एचएसएससाठी (लेथच्या हत्यारांचं हाय स्पीड स्टील) नाहीत. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ८० ग्रिटचं चाक आणि ते सपाट करायला डायमंड ड्रेसर, एवढ्यावर भागतं. पैसे जमले की सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइडचा अतिकठीण थर दिलेलं) चाक घ्या. ते झिजून लहान होत नाही, ड्रेसिंग लागत नाही, कोन कायम राहतो. या लेखातल्या सगळ्या वस्तूंमध्ये एकच महागडी वस्तू घ्यायची म्हटली, तर मी सीबीएन चाक सुचवेन. दोन पथ्यं पाळा: मऊ लोखंड त्यावर घासू नका, चाक बुजतं. आणि मागवण्याआधी ग्राइंडरच्या शाफ्टचा व्यास मोजा, नाहीतर बुश (भोकातली फट भरणारी नळी) करून घेण्यासाठी पुन्हा टर्नरकडे जावं लागेल.

तिसरी वस्तू जिग. मुरलेले कातारी हाताने सुंदर धार लावतात, त्यामागे वर्षानुवर्षांची सवय असते. आपल्याला दर वेळी तोच कोन हवा असतो, आणि तो जिग देतो. चाकाखालून पुढे येणारी सरकती दांडी आणि गाउज (पन्हाळीसारख्या पात्याचं हत्यार) धरणारा फिरता हात, इतकीच त्याची रचना आहे. वेल्डिंग करणारा ओळखीचा असेल तर इथेच बनवून घेता येतो.

कोन बरोबर बसलाय का हे बघायची पद्धत शिकून घ्या. हत्याराच्या उतारावर काळा मार्कर फिरवा. ग्राइंडर बंद ठेवून हत्यार जिगमध्ये धरा आणि चाक हातानेच थोडं फिरवा. आता उतार उजेडात धरून बघा. काळा रंग फक्त धारेच्या कडेला पुसला गेला असेल, तर तुम्ही कोन बोथट करताय. फक्त मागच्या टाचेला पुसला असेल, तर कोन जास्त निमुळता होतोय. टाचेपासून धारेपर्यंत सलग पट्टा चकाकला की दांडी तिथेच कसून टाका आणि ती खूण दांडीवर कोरून ठेवा. पुढच्या वेळी धार लावायला अर्धा मिनिट पुरतो.

कोनांची ढोबळ मापं: रफिंग गाउज (लांबट ओबडधोबड लाकूड गोल करायचा) ४५ अंश, स्पिंडल गाउज (लांबट लाकडावर नक्षी काढायचा) ४० च्या आसपास, वाडग्याचा गाउज ५० ते ६०.

एचएसएस निळं पडलं तर घाबरू नका, त्याची कठीणता इतक्यात जात नाही. ते तापलेलं असताना पाण्यात मात्र बुडवू नका, बारीक तडे जातात. जुन्या बाजारात मिळणाऱ्या कार्बन स्टीलच्या पटाश्यांचं उलटं आहे. त्या निळ्या पडल्या की गेल्या, त्या सतत पाण्यात बुडवून गार ठेवाव्या लागतात.

कार्बाइडच्या बदलत्या पात्यांच्या हत्यारांविषयी बरेच जण विचारतात. धार लावावी लागत नाही हा त्यांचा मोठा गुण. पण ती बहुतेकदा खरवडतात, कापत नाहीत, आणि सागवानासारख्या रेषेदार लाकडावर तंतू उपटले जातात. गोल पात्याचं एखादं ठेवा, इपॉक्सी आणि गाठीदार लाकडाला उपयोगी पडतं. सगळा संचच कार्बाइडचा घेतलात, तर कापायचं कसं हे शिकणं राहून जाईल.

३. पकड: चार जबड्यांचा स्क्रोल चक

लाटणं, भोवरा, रवीची दांडी, देव्हाऱ्याचे खांब ही कामं दोन सेंटरांमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) होतात, त्यांना चक लागत नाही. वाडगा, कुंकवाचा करंडा, डबी करायची म्हटलं की लागतो. चारही जबडे एकत्र सरकणारा, लाकूडकामासाठीच बनवलेला चक घ्या.

जुन्या बाजारात किंवा नाना पेठेत लोखंडी लेथचा तीन जबड्यांचा चक स्वस्तात मिळतो आणि मोह होतो. घेऊ नका. तो लाकडाला तीनच ठिकाणी दाबतो, लाकडाचा पकडलेला खुंट चेमटतो आणि बाहेर आलेले जबडे फिरताना बोटांची सालं काढतात.

नव्या चकचे जबडे एकसारखे सरकतात का ते हाताने बघा. प्रत्येक जबड्यावर १ ते ४ पैकी एक आकडा असतो आणि खाचांवरही असतो. ते जुळवूनच बसवायचे. जबडे चकच्या अंगाबाहेर फार काढून चालवू नका. चावी लावलेली असताना हात तिच्यावरून काढायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सुरुवातीला सोबत आलेले ५० मिमीच्या आसपासचे जबडेच पुरेत. पकड सैल वाटते तेव्हा चूक बहुधा जबड्यांची नसून खुंटाची असते. टेनन, म्हणजे वाडग्याच्या बुडाला सोडलेला गोल खुंट. जबडे जवळजवळ मिटलेले असतात तेव्हाच ते मिळून पूर्ण वर्तुळ होतात, म्हणून खुंट त्या मापाचा कातला की पकड सर्वांत घट्ट. त्याचा कोन जबड्याच्या आतल्या कोनाला जुळला पाहिजे. खुंटाचा तळ चकच्या आत टेकता कामा नये. टेकायला हवा तो खुंटाभोवतीचा सपाट खांदा, जबड्यांच्या तोंडावर. लहान वाडग्याला ६ ते १० मिमी लांबीचा खुंट पुरतो. वाडगा मोठा असेल तर खुंटाचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी ठेवू नका. त्यासाठी मोठे जबडे लागले तर तेव्हा घ्या, आज नको.

४. स्पिंडलच्या आट्यांचा टॅप

टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार. कॅटलॉगमध्ये या वस्तूची कोणी जाहिरात करत नाही, पण तिचा उपयोग फार मोठा आहे. १ इंच ८ आटे आणि एम ३३ × ३.५ ही दोन्ही इंजिनिअरिंगमधली प्रमाण मापं असल्याने टॅप टूल्सच्या दुकानात मागून मिळतो. आपल्या पुण्या-पिंपरीत त्यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही.

बाभूळ किंवा शिसवीसारख्या घट्ट लाकडाचा ठोकळा चकमध्ये धरा. १ इंचासाठी २२ मिमीचं, एम ३३ साठी ३० मिमीच्या जरा आतलं भोक पाडा. लेथची वीज बंद करा. टेलस्टॉकचा सेंटर टॅपच्या मागच्या खळग्यात टेकवा म्हणजे तो सरळ जाईल, आणि पान्याने हळूहळू फिरवा. आट्यांवर पातळ सुपर ग्लू सोडून वाळू द्या आणि टॅप पुन्हा एकदा मारा.

हा ठोकळा मग चकऐवजी थेट स्पिंडलवर बसतो, आणि असे ठोकळे हवे तितके करता येतात. एकाचं फेसप्लेट (लाकूड स्क्रूने आवळायची चकती) होतं, एकावर लाकूड चिकटवता येतं, एकाला वाडग्याच्या तोंडाच्या मापाची खाच पाडून वाडगा उलटा बसवता येतो आणि बुडाचा खुंट कातून काढता येतो. वाडग्याचं बूड कातण्यासाठी मिळणारे ते मोठे रबरी गुंड्यांचे जबडे यामुळे बरीच वर्षं लांबणीवर टाकता येतात.

५. टेलस्टॉकचं सामान

दोनच गोष्टी. एक, बेअरिंगवर फिरणारा लाइव्ह सेंटर. टोकाभोवती कडं असलेला घ्या, तो लाकूड फाडत नाही. दुसरा, मोर्स टेपरच्या दांड्याचा ड्रिल चक. हा हेडस्टॉकमध्ये लावून वापरायचा असेल तर मागून ड्रॉ-बारने (स्पिंडलच्या पोकळीतून घातलेल्या आट्यांच्या दांड्याने) आवळा, नाहीतर थरथरून सुटतो.

पेन करायचे असतील तर ७ मिमीची नळी, बुश (पेनची जाडी ठरवणारी कडी) आणि मँड्रेल (हे सगळं ओवायचा दांडा) लागतं. पेन सुंदर होतात, भेट द्यायला छान, पण किटची पन्नास पाकिटं एकदम मागवू नका. आधी पाच करून बघा.

६. डोळे आणि फुप्फुसं

लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. शिसव-सिसूच्या धुळीने अनेकांना खाज आणि सर्दी होते. पुण्यात आपण बहुतेक जण बाल्कनीत, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या खोलीत काम करतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की बारीक धूळ बराच वेळ हवेतच तरंगत राहते. म्हणून मशीन थांबलं तरी मास्क लगेच काढायचा नाही.

कमीत कमी एन ९५, आणि नियमित काम असेल तर बदलत्या फिल्टरचा अर्धा मास्क घ्या. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, हे लक्षात ठेवा. गॉगल पुरेसा नाही. वाडगा फुटला तर तुकडा गालावर किंवा कपाळावर येतो, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारं पॉलिकार्बोनेटचं फेस शील्ड हवं. मशीन सुरू करताना लाकडाच्या फिरत्या रेषेत उभं राहू नका.

हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत. ओढणी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र आणि मनगटावरचा देवाचा दोरा किंवा राखी हे सगळं आधी बाजूला. श्रद्धेचा दोरा काढायला मन धजत नसेल, तर तो घट्ट बाहीखाली पूर्ण झाकून टाका. पॉलिश करताना कापडाऐवजी टिश्यू पेपर धरा. तो अडकला तर फाटतो, कापड बोट ओढून नेतं.

विजेचं एक: लेथच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

७. मोजमाप आणि वेग

बाहेरचा कॅलिपर, डिव्हायडर, पोलादी पट्टी. फिरत्या लाकडावर कॅलिपर टेकवायचा असेल तर त्याची टोकं कानसीने गोल करून घ्या. ओलं लाकूड कातणार असाल तर मॉइश्चर मीटर उपयोगी पडतो.

वेगाचा एक जुना हिशोब आहे: इंचातला व्यास गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० च्या दरम्यान असावं. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. लाकूड ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी वेगाने सुरू करा. तुमच्या लेथचा सर्वांत कमी वेग ७००-८०० असेल, तर मोठे वाडगे करण्याआधी मोटर आणि व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा) विचार करा. मोठ्या वाडग्यांसाठी हा खर्च कुठल्याही चकपेक्षा सार्थकी लागतो. उलट फिरवण्याची सोय असेल तर चक सुटू नये म्हणून त्याला लॉकिंग स्क्रू हवा.

८. पॉलिशपेपर आणि पॉलिश

चांगल्या कंपनीचा कापडी पाठीचा पॉलिशपेपर घ्या, ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४०० असे सगळे. मधला एक गाळला की आधीच्याचे चरे शेवटी पॉलिशखाली दिसतात. स्वस्त कागद झिजला तरी आपण तो दाबत राहतो, लाकूड तापतं आणि बारीक भेगा पडतात.

चपडी लाख आपल्याकडे सहज मिळते आणि लेथवर तिच्यासारखं झटपट पॉलिश दुसरं नाही. सावंतवाडीच्या लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने ती वितळते आणि रंग बसतो. छोट्या करंड्यावर करून बघाच. जवसाचं तेल वापरलंत तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

९. पहिल्या वर्षी घेऊ नका

आठ-दहा हत्यारांचा स्वस्त संच, खोल पोकळी कोरायचे दांडे, व्हॅक्यूम चक (हवा ओढून लाकूड धरणारा), कॉपिंग अटॅचमेंट (नमुन्याची नक्कल कातणारं), स्टेडी रेस्ट (लांब लाकडाला मधे आधार देणारा). स्टेडी रेस्ट तर लागेल तेव्हा प्लायवूड आणि स्केटिंगच्या चाकांतून घरी बनतो. हत्यारं एकेक करून घ्या: रफिंग गाउज, स्पिंडल गाउज, वाडग्याचा गाउज, पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायला), स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी). रफिंग गाउज वाडग्यावर चालवायचा नाही. त्याचा दांड्यातला भाग बारीक असतो आणि तिथून तो मोडतो.

१०. पुण्यात कुठे काय

लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वखारीत कापून उरलेले ठोकळे मागा, फळीच्या भावापेक्षा स्वस्त पडतात. सागवान-शिसव घेतलं तर पावती जपून ठेवा. किरकोळ हार्डवेअर रविवार पेठेत, बोहरी आळीत. टॅप, ड्रिल, बेअरिंग नाना पेठेत किंवा भोसरीत. जुन्या बाजारातून कानशी, कॅलिपर, व्हाइस आणायला हरकत नाही. जुनं ग्राइंडिंग चाक मात्र कधीच आणू नका, आतली चीर दिसत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर पडलेल्या आंब्याचं, जांभळाचं, रेन ट्रीचं लाकूड कातायला फार छान. ते उचलण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. उभं झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, सोसायटीच्या आवारातलं असलं तरीही. आणलेल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी मेण किंवा रंग लावा, नाहीतर तो तडकतो. ओला वाडगा आधी जाडच कातून ठेवा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी. सुकला की पुन्हा लेथवर चढवा.

चक किंवा सीबीएन चाक परदेशातून मागवणार असाल तर आधार किंवा पॅन आणि वस्तूचं बिल तयार ठेवा, कुरिअर कंपनी केवायसी मागते. छापील किमतीवर वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरूनच भारतात मिळणाऱ्या चकशी तुलना करा. स्पिंडलच्या आट्यांचा फोटो आणि मापं विक्रेत्याला आधी पाठवा आणि जुळत असल्याचं लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा.

मे संपत आला की बेड, टूल रेस्ट आणि टेलस्टॉकच्या नळीला पेस्ट वॅक्सचा हात द्या, आणि चक स्पिंडलवरून काढून आटे पुसून ठेवा. जुलैच्या दमट हवेत चक महिनाभर तसाच राहिला तर गंजून असा बसतो, की दोन पान्यांनीही हलत नाही. तो बसवताना मध्ये प्लॅस्टिकची पातळ वॉशर घातली तर सोडवणं बरंच सोपं जातं.